गोळ्यांकडे धावलेला मुलगा

१

प्रणित हलामी कॉलेजच्या कुंपणाला लागून मरून पडला होता आणि त्याच्या पायात धावायचे बूट होते. मी पोचले तोवर पोलिसांनी त्याच्या अंगावर चादर टाकली होती, पण ती आखूड पडली. बूट उघडेच राहिले. पोलीस भरतीची तयारी करतो म्हणाला, तेव्हा आईनं घेऊन दिलेले.

हो, पोलीस भरती. ज्यांनी मारला त्यांच्यातच त्याला जायचं होतं. हे आधीच सांगून ठेवते. पुढं कुणी त्याच्याबद्दल काहीबाही सांगेल, तेव्हा तुमच्या ध्यानात असू द्या.

मी विशाखा खोब्रागडे. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या पळसखोरी नावाच्या गावी कॉलेजात भूगोल शिकवते, एनसीसीची पोरं सांभाळते. तोंडाची फटकळ आहे, कुणालाही विचारा. आमच्या जुन्या क्रीडागृहात पोलिसांची सशस्त्र चौकी आहे. सहा महिन्यांसाठी म्हणून आली होती. आता पहिल्या वर्षाच्या पोरांना वाटतं, कॉलेज म्हटलं की वाळूची पोती असायचीच. गेटवर बंदूक, लायब्ररीच्या गच्चीवर बंदूक, बॅडमिंटन कोर्टाच्या कडेला मोर्चा, म्हणजे पोत्यांआडची पहाऱ्याची जागा. आतल्या टोल्यांवरून, म्हणजे जंगलातल्या पाड्यांवरून, येणाऱ्या पोरांच्या पिशव्या रोज उपसतात, डब्यातली भाजीसुद्धा हलवून बघतात. मी मीटिंगमध्ये बोलले की प्राचार्य गुणवंतराव हात जोडायचे. "म्याडम, सुरक्षा हाय ते. आपल्याच भल्याची हाय."

झालं ते असं. मार्च सरत आला होता. पहाटे भरतीची पोरं मैदानावर धावत होती. उजाडू लागलं होतं, पण धूर होता. ह्या दिवसांत आमच्याकडं पहाटेचा धूर असतोच, कुणी त्याकडं बघतही नाही. अचानक कुंपणापलीकडून गोळ्यांचे आवाज आले. मैदानावरची सगळी पोरं जमिनीला चिकटली. चौकीतल्या पोलिसांनीच तसं शिकवलं होतं त्यांना. एकटा प्रणित उठला आणि आवाजाच्या दिशेनं धावत सुटला. मोर्च्यातून एक गोळी आली आणि तो कुंपणाशी पडला.

दुपारपर्यंत चौकीचे फौजदार वाकुडकर, त्यांची गोष्ट तयार होती. नक्षलवाद्यांनी चौकीवर गोळीबार केला, प्रणित त्यांचा माणूस, त्यांना जाऊन मिळायला पळत होता. त्याच्या खोलीतला जोडीदार हेमराज, तो साथीदार. हेमराजला मैदानावरूनच उचललं. सोमवारी कोर्टात उभा करणार. नक्षल्यांना लावतात ते कलम एकदा लागलं की वर्षानुवर्षं जामीन नाही. वडशाकडच्या धानवाल्या शेतकऱ्याचं पोर, हसरं, जरा आळशी. त्याची उमर तुरुंगात जाणार होती.

गुणवंतरावांनी मला बोलावलं. "कॉलेजकडून चौकशी झाली असं दाखवा लागते. तुम्ही करून टाका."

"काय लिहू?"

"पोलिसांनी लिहिलं तेच लिहा न. जरा आपल्या भाषेत."

माझं डोकं असं फिरलं की मी खुर्चीतून उठूनच गेले. पण व्हरांड्यात आल्यावर पाय थांबले. वाकुडकरांच्या गोष्टीतली एक गोष्ट तर खरी होती. पोरगा गोळ्यांकडं धावला होता. मैदानावरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. जीव वाचवायला माणूस गोळ्यांपासून पळतो. प्रणित उलटा का धावला, याचं उत्तर वाकुडकरांकडं होतं. माझ्याकडं नव्हतं.

२

वाकुडकरांनी मला चहा पाजला. माणूस उद्धट नाही, तेच अवघड जातं.

"जंगलातून गोळीबार झाला, हे कशावरून?" मी विचारलं.

त्यांनी मोबाईल पुढं केला. काळ्या जमिनीवर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. "कुंपणापलीकडं एक मोठं मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली मिळाल्या. आमच्याच बनावटीच्या. म्हणजे कुठंतरी लुटलेल्या."

मी फोटो मोठा करून पाहिला. पुंगळ्या पोटाशी उकलल्या होत्या, कडा बाहेर वळलेल्या. एक उलटी पडली होती, तिची बुडाची टिकली गुळगुळीत दिसत होती. काहीतरी खटकलं, पण काय ते मला तिथं बसून सांगता आलं नसतं.

"चौकीला कुठं लागल्या गोळ्या?"

"नाही लागल्या. नेम चुकला."

"एवढी मोठी बिल्डिंग, साहेब. डोळे मिटून मारलं तरी भिंतीला लागेल."

"नशीब आपलं," ते म्हणाले.

"ते झाड कुणाचं?"

ते हसले. "जंगलातल्या झाडाला मालक असतो का म्याडम?"

मी हेमराजला भेटू द्या म्हणून बसूनच राहिले. शेवटी कंटाळून हो म्हणाले. पोरगा कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मला पाहून उभा राहायला गेला, उभं राहता आलं नाही. मी खाली बसले. काय झालंय ते मी विचारलं नाही, त्याच्या तळव्यांवरून दिसत होतं.

"म्याडम, आम्ही काईच नाई केलं."

"ठाऊक आहे. मला फक्त त्या पहाटेचं सांग."

"पहिला आवाज आला अन् आम्ही झोपलो. तो माह्या बाजूलेच होता. मंग जरा थांबून अजून दोन आवाज आले. त्यानं मान वर केली."

"एकामागून एक आले का आवाज? बंदूक चालते तसे?"

त्यानं आठवून पाहिलं. "नाई. एक, मंग थांबून दोन, मंग एक. चुलीत काही फुटून राह्यलं असं."

"मान वर करून काय पाहिलं त्यानं?"

"कुंपणाकडं पाह्यलं. धूर होता तिथी. मी म्हन्लं, झोप बे. त्यानं ऐकलं नाई. मी पाय धरला होता त्याचा म्याडम. झटकून गेला."

"बोलला काही?"

"नाई. पण भेला होता तो. लय भेला होता." हेमराजनं माझ्याकडं पाहिलं. "भेलेला माणूस तिकडं काऊन गेला?"

३

चंचल मुलींच्या वसतिगृहात राहते. तीही भरतीसाठी धावते, आणि ती प्रणितच्याच टोल्यावरची. मी गेले तेव्हा पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडं बघत बसली होती. परीक्षा तोंडावर होती, पण पोरी कसल्या अभ्यास करतात.

आधी ती काही सांगेना. मला म्हणाली, तुम्ही लिहून पोलिसायले द्याल. मी म्हटलं, चंचल, मी कधी कुणाचं ऐकून लिहिलंय का गं? तेव्हा जरा सैल झाली.

"गोळी कोणी मारली ते तुम्हाले माहीत हाय का?" तिनं विचारलं.

"मोर्च्यात कोण होतं?"

"गोपालदादा."

हे मला ठाऊक नव्हतं. गोपाल म्हणजे चौकीतला सगळ्यात तरुण शिपाई, नागभीडकडच्या खेड्यातला. ड्युटी संपली की बनियनवर मैदानात यायचा आणि आमच्या पोरांना धावायला शिकवायचा. गोळा कसा फेकायचा, सुरुवातीलाच दम कसा घालवायचा नाही. प्रणित त्याचा लाडका. बाकीच्यांना सांगायचा, ह्याच्यासारखं धावा.

"त्यानं ओळखलं नसन," चंचल म्हणाली. "धूर होता न. पण म्याडम, गोपालदादा पहिलेपासूनच बरा नोहता. आठवडाभर तसाच होता. कुंपणापलीकडच्या मोहाखाली काडी घेऊन पाला उलटवत राहे. आम्ही हासलो. म्हन्लं, दादा, मोह अजून पडाचा हाय, काय वेचून राह्यले? तं लय चिडला आमच्यावर. कधी चिडत नाई तो."

"काय शोधत होता?"

"चांदीची साखळी हरपली म्हणे. पण त्याच्या गळ्यात साखळी कधी पाह्यलीच नाई आम्ही."

मी उठले. दारापर्यंत आले आणि सहज विचारलं. आमच्या भागात जंगलातल्या मोहालाही घर असतं. कोणतं झाड कुणी वेचायचं हे आजापणज्यापासून ठरलेलं, दुसरं कुणी त्याखाली वाकत नाही. वाकुडकर चंद्रपूर शहरातले, त्यांना काय कळणार? पण मला विचारायला हवं होतं.

"चंचल, ते झाड कुणाच्या घरचं?"

ती माझ्याकडं बघत राहिली, मला एवढंही ठाऊक नाही म्हणून.

"प्रणितच्याच घरचं. त्याची आई वेचते."

४

मंगलीबाई हलामी घराच्या ओट्यावर बसली होती. समोर रिकाम्या टोपल्या. नवरा कधीच गेलेला, हा एकच पोरगा. मी पायाशी बसले तर म्हणाली, "खुर्ची आणतो म्याडम," आणि उठलीच नाही. तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. टोल्यावरच्या बाया कुजबुजत होत्या की बाई रडत नाही, दगड झाली.

"मंगलीबाई, त्या पहाटे तुम्ही कुठं होता?"

"बोडीकडच्या झाडाखाली. दोन झाडं हायेत आमची." बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं गावतळं, कॉलेजपासून बरंच आत. "आवाज आला तं बोडीच्या बांधाखाली झोपली मी. आम्हाले सवय हाय."

"कॉलेजजवळच्या झाडाकडं गेला नव्हता?"

"नाई." फार लवकर म्हणाली. आणि लगेच, "फॉरेस्टवाल्याईनं विचारलं काय?"

मी म्हटलं नाही. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "फौजदार म्हणते का तो त्यायच्यासंगं होता. मायबाप, मले कधी कळलं नाई. घरी आला का माह्या हातचं खाऊन जाये."

मी तिथून थेट त्या झाडापाशी गेले.

मोह पडायला लागला होता. पिवळी फुलं काळ्या जमिनीवर पसरलेली, वेचायला कुणी नाही, माश्या घोंगावतायत. बुंध्याभोवतीची जमीन साफ जळलेली. ह्या दिवसांत प्रत्येक मोहाखाली असंच काळं असतं. माझी आईसुद्धा करायची. फूल पडायच्या आधी वाळला पाला खराट्यानं लोटून ढीग करायचा, पेटवून द्यायचा, म्हणजे जमिनीवर फूल दिसतं. पेटवलं की माणूस तिथं थांबत नाही, दुसऱ्या झाडाकडं जातो. वनखात्याची बंदी आहे, म्हणून कुणी कबूल करत नाही. पण पेटवतात सगळेच.

बुंध्याच्या मुळाशी राखेचा जाड थर होता. मी उकिडवी बसले. गुडघ्याच्या उंचीवर सालीत काहीतरी चमकलं. केसातल्या पिनेनं उकरून काढलं. पितळेचा फाटका तुकडा, नखाएवढा. साल नुसती खरचटली होती, आत काही गेलं नव्हतं.

आणि तिथं मला वाकुडकरांचा फोटो कळला. आमच्या एनसीसीच्या फायरिंगला मी दरवर्षी पोरांबरोबर पुंगळ्या वेचते. बंदुकीतून सुटलेली पुंगळी अख्खी राहते, कारण नळी तिला चारी बाजूंनी धरून ठेवते. तिच्या बुडाच्या टिकलीवर घोड्याच्या पिनेचा खळगा पडतो. फोटोतल्या पुंगळ्या पोटातून फाटल्या होत्या आणि टिकलीवर खळगा नव्हता. मोकळं काडतूस विस्तवात तापून फुटलं तरच असं होतं. गोळी चार हात लांबसुद्धा धड जात नाही, पितळ मात्र उडतं.

त्या पहाटे ह्या झाडाखाली माणूस नव्हता. बंदूकही नव्हती. पाल्याच्या ढिगात काडतुसं होती आणि ढीग पेटवलेला होता.

ढीग कुणी पेटवला हेही मला कळलं होतं. आणि प्रणित का धावला तेही. दिवस मोहाचे, वेळ पहाटेची. झाडाखाली धूर आणि गोळ्यांचे आवाज. त्याला वाटलं, आई तिथं आहे.

५

गोपालला मोर्च्यावरून काढलं होतं. क्रीडागृहाच्या मागं नळापाशी तो एकच शर्ट पुन्हा पुन्हा पिळत होता.

मी पितळेचा तुकडा त्याच्यापुढं धरला. "मोहाखाली काय हरवलं होतं तुझं? साखळी म्हणू नकोस, मी काही चंचल नाही."

त्यानं तुकडा पाहिला आणि शर्ट हातातून सुटला. नळ तसाच वाहत होता. मीच बंद केला.

"म्याडम, मी दुपारी गस्तीवर त्या झाडाखाली टेकलो होतो. उन्हानं डोळा लागला. पाऊचचं बटण तुटलं होतं. उठून पाह्यलं तं काही काडतुसं नाई. पाला गुडघ्याएवढा. रोज शोधलो. मिळाली नाई."

"सांगितलं का नाहीस?"

"नोकरी गेली असती न. काडतूस हरपलं म्हणजे कोणाले देलं, हाच पहिला प्रश्न राह्यते. तपासणीच्या वेळेस जोडीदाराची दाखवली."

"आणि त्या पहाटे?"

त्यानं खाली पडलेला शर्ट उचलला. "मी मोर्च्यात होतो. आवाज झाले. मले वाटलं, आले. आम्हाले तेच शिकवलं हाय. धुरात एक माणूस कुंपणाकडं पळताना दिसला. मी वरडलो थांब म्हणून. तो थांबला नाई." त्यानं तोंड पुसलं. "त्याचं धावणं मी ओळखाले पाह्यजे होतं. रोज पाहत होतो. पहिले छाती पुढं काढे तो, मीच सांगून सांगून मोडवली ती सवय. अन् त्या दिवशी अगदी मी शिकवलं तसा धावून राह्यला होता."

"काडतुसं तुझी होती, हे तुला कधी कळलं?"

"साहेबासंगं पुंगळ्या उचलाले गेलो तेव्हाच. फाटलेल्या पाह्यल्या अन् समजलं. तिथीच साहेबाले सांगतलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "वाकुडकरांना? कधी?"

"त्याच दिवशी. सकाळीच."

म्हणजे हेमराजला उचलून आणलं, त्याच्या तळव्यांवर काठ्या पडल्या, तेव्हा वाकुडकरांना सगळं ठाऊक होतं.

६

मी वाकुडकरांच्या टेबलावर पितळ ठेवलं आणि न थांबता बोलले. काडतुसं कशी पडली, पाल्याबरोबर ढिगात कशी गेली, कशी फुटली, भिंतीला एकही गोळी का लागली नाही, पोरगा का धावला. माझा आवाज चढला होता, बाहेरच्या शिपायांनी वळून पाहिलं. गुणवंतरावही तिथंच होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

वाकुडकरांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बरोबर आहे," म्हणाले.

"बरोबर आहे? मग ते पोर आत काय करतंय?"

"म्याडम, हे मी लिहिलं तर काय होईल ते सांगतो. गोपाल तुरुंगात जाईल. ते समजू शकतो. पण उद्या पेपरात येईल की कॉलेजच्या आवारात पोलिसांनी काडतुसं सांडली आणि भरतीची तयारी करणारा पोरगा मारला. ह्या जंगलात ते वाचून कोण खूश होईल, तुम्हीच सांगा. मग इथं जे खरोखर येतील ते हवेत फायर करायला येणार नाहीत."

"तुम्ही येण्याआधी इथं कुणी आलं नव्हतं, साहेब."

गुणवंतराव खाकरले. "म्याडम, चौकी गेली तं कॉलेजचं काय होईन? पालक पोरी ठेवन काय इथी?"

मला त्या माणसाच्या तोंडावर पितळ फेकून मारावंसं वाटलं. मी म्हटलं, "मी वकील गाठीन. पेपरवाल्याकडं जाईन."

"जा," वाकुडकर शांतपणे म्हणाले. "तोवर हेमराज आत. गोपाल तुमच्यासाठी साक्ष देणार नाही, त्याला घर आहे. पुंगळ्या माझ्याकडं आहेत. तुमच्याकडं एक तुकडा आहे, तो कुठं मिळाला हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. सोमवार परवा आहे."

मी उभीच राहिले. एवढं सगळं शोधून काढलं आणि त्याची किंमत शून्य.

"एक करता येईल," ते म्हणाले. "दुर्घटना म्हणून लिहितो. जंगलात बेकायदा आग लावली गेली, आगीत कधीचा तरी पडलेला, अज्ञात दारूगोळा फुटला, गैरसमजातून गोळी सुटली. नक्षल्यांचं नाव काढतो, दोन्ही पोरांचं. हेमराज सुटतो. पण आग कुणीतरी लावली असं लिहावं लागेल. आणि ते त्या माणसानं स्वतः सांगावं लागेल."

"ती त्याची आई आहे."

"मला माहीत आहे."

"तिला कळलेलंसुद्धा नाही अजून. तिला वाटतंय, आग वेगळी आणि गोळ्या वेगळ्या."

"म्हणूनच तुम्हाला सांगतोय. उद्या दुपारी मी जबाब घ्यायला येतो. त्याआधी तुम्ही जा. तुमच्या तोंडून बरं पडेल."

७

रविवारी सकाळी मी टोल्यावर गेले. वाटेत किती वेळा वाटलं, परत फिरावं. हेमराजचा बाप वडशाहून येऊन चौकीच्या फाटकाशी बसला होता, त्याला पाहून पुढं गेले.

मंगलीबाई ओट्यावरच होती. मी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं. फिरवून सांगायची माझी रीत नाही, पण त्या दिवशी फिरवावंसं वाटलं, जमलं नाही. पाल्यात काडतुसं होती. तुम्ही खराट्यानं ढीग केला तेव्हा अंधार होता, दिसली नाहीत. तुम्ही पेटवून बोडीकडं गेलात. ती तापून फुटली. झाडाखाली कुणीच नव्हतं. गोपालला वाटलं हल्ला झाला.

ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, समजलं नाही तिला. पुन्हा सांगायची वेळ येऊ नये, एवढंच मी मनात म्हणत होते.

"मंग प्रणित काऊन गेला तिकडं?" तिनं विचारलं.

"त्याला वाटलं तुम्ही झाडाखाली आहात."

"मी?"

"मोहाचे दिवस ना, मंगलीबाई. धूर दिसला त्याला. तुम्हाला गोळ्या लागतील म्हणून धावला."

तिनं माझा हात सोडला. "म्हणजे तो माह्याकडं येऊन राह्यला होता?"

"हो."

"मले वाटलं, मले सोडून त्यायच्याकडं जाऊन राह्यला." ती माझ्याकडं नाही, जमिनीकडं बघून बोलत होती. "फौजदारानं सांगतलं, अन् मले खरं वाटलं. पोरानं मले फसवलं म्हन्लं. लय राग आला त्याचा. म्हणून रडली नाई मी. माती देताना बी नाई."

मग ती रडली. ओट्यावरून खाली उतरली आणि अंगणात बसून रडली. बाया धावत आल्या, मी त्यांना थांबवलं. काय समजूत घालणार होते मी? पोरगा आपलाच होता हे तिला कळलं, ते तिच्याच आगीत तो गेला ह्याच्यासकट कळलं. त्यातलं एक ठेवून दुसरं काढून घ्यायची सोय नव्हती.

हेमराज कशावर सुटणार, तेही मी तिला नंतर सांगितलं. दुपारी वाकुडकर आले. सोबत लिहिणारा शिपाई. मंगलीबाई तोंड धुऊन बसली होती, पदर डोक्यावर घेतलेला. त्यांनी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, "आग मी लावली. माह्या झाडाखाली, माह्या हातानं."

शिपायानं लिहून घेतलं.

"अन् पोरगा माह्याकडं येऊन राह्यला होता. हे बी लिहा."

शिपायानं साहेबांकडं पाहिलं. वाकुडकरांनी मान हलवली. "त्याची गरज नाही बाई. तो धावत होता एवढं पुरे."

"का गरज नाही?" मी म्हटलं. "एक ओळ आहे, साहेब."

"कुणाकडं धावत होता हे लिहिलं, तर धावताना कुणी मारलं तेही लिहावं लागतं," ते म्हणाले. त्यांनाही ते म्हणायला आवडलं नसावं, पण म्हणाले.

मंगलीबाई कितीतरी वेळ त्या कागदाकडं बघत राहिली. तिला वाचता येत नाही. "एवढं लिहा न साहेब," ती पुन्हा म्हणाली. "बाकी काई बी लिहा. जेलात टाका मले. एवढंच लिहा का माह्याकडं येत होता."

शिपायानं शाईची डबी उघडून तिच्यापुढं सरकवली.

"हेमराज सुटन काय?" तिनं विचारलं.

"तुमचा अंगठा झाला की संध्याकाळी सोडतो."

तिनं अंगठा केला.